गोळी अडकली आणि रेघ वळली

१९३० च्या सुमाराची हार्वर्ड विद्यापीठातली प्रयोगशाळा. शुक्रवारची दुपार. पेटीतला भुकेला उंदीर दांडी दाबतोय, पण खाण्याची गोळी काही पडत नाही. गोळ्या सोडणारं यंत्र अडकलंय आणि ते बघायला जवळ कुणीच नाही.

मानसशास्त्रज्ञ बर्‍हस फ्रेडरिक स्किनर परत येतात तेव्हा नोंदीच्या कागदावर एक सुरेख वक्ररेषा उमटलेली असते. आधी चढती, मग थबकत थबकत आडवी होत गेलेली. फळ मिळेनासं झालं की सवय कशी विझत जाते, त्याचं हे चित्र. आपली पाठ्यपुस्तकं याला विलोपन म्हणतात. सांगायला प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. पुढचे दोन दिवस स्किनर रस्तासुद्धा जपून ओलांडत होते, कारण आपलं काही बरंवाईट झालं तर शोधही आपल्याबरोबर जाईल!

(पडद्यावर: सरकणारा कागद, पेनाचं टोक)

हे नोंदयंत्र नीट बघा. कागदाची गुंडाळी ठरावीक वेगानं, संथपणे सरकते. दांडी दाबली की पेन एक बारीक पायरी वर चढतं आणि तिथून खाली येत नाही. रेघ जितकी उभी, तितका उंदराचा वेग जास्त. रेघ आडवी म्हणजे गडी स्वस्थ बसलाय. याची कल्पना सुचली एका आळसातून. गोळ्या सोडणाऱ्या लाकडी तबकडीला मधोमध एक खुंटी राहून गेली होती, ती कापायचा कंटाळा केला होता. त्या खुंटीला दोरा गुंडाळला तर तबकडी फिरेल तसा तो उलगडत जाईल आणि एकूण बेरीज आपोआप कागदावर उतरेल, हे स्किनरना नंतर सुचलं.

जन्म २० मार्च १९०४, पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहॅना या रेल्वेच्या गावी. वडील वकील. हॅमिल्टन कॉलेजातून इंग्रजी साहित्याची पदवी, लेखक व्हायचा हट्ट, घरी बसून वर्षभर धडपड, हाती फारसं काही नाही. मग वर्तनाचा अभ्यास करणारे पावलोव्ह आणि वॉटसन वाचून १९२८ मध्ये हार्वर्ड. १९३१ मध्ये डॉक्टरेट.

पावलोव्हच्या कुत्र्याला आधी संकेत मिळायचा आणि मग लाळ सुटायची. स्किनरनी उलट टोक पकडलं: कृतीनंतर काय घडतं? त्यानं कृती वाढली तर ते प्रबलन. इथे परीक्षेत हमखास होणारी चूक सांगायलाच हवी: ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे. दांडी दाबली की विजेचा झटका थांबतो, म्हणून उंदीर दांडी जास्त दाबतो, हे ऋण प्रबलन. शिक्षेनं कृती कमी होते.

गोळ्या स्किनर स्वतःच पाडायचे, औषधाच्या गोळ्या करतात तशा. आठ उंदीर, प्रत्येकी रोज शंभर गोळ्या. एका शनिवारी हिशेब केला तर साठा सोमवारी सकाळी साडेदहालाच संपणार! मग प्रत्येक दाबाला गोळी देण्याऐवजी मिनिटाला एकच द्यायची ठरवली. उंदीर तरीही दाबत राहिले. बचतीच्या या युक्तीतूनच प्रबलनाच्या वेळापत्रकांचं, म्हणजे बक्षीस केव्हा आणि कितव्या कृतीला द्यायचं याचं, शास्त्र उभं राहिलं, आणि १९५७ मध्ये सहकारी चार्ल्स फर्स्टरसोबतचा जाडजूड ग्रंथ आला. ठरावीक मिनिटांनी दाणा मिळत असेल तर कबूतर दाणा टिपल्यावर ढिलं पडतं आणि वेळ जवळ आली की चोच चालवू लागतं. कागदावर कमान उमटते. दाणा कितव्या चोचीला मिळेल याचा नेम नसेल, तर मात्र ते थांबतच नाही. जुगाराचं यंत्र याच तत्त्वावर चालतं.

(पडद्यावर: पिठाच्या गिरणीचा वरचा मजला)

मिनियापोलिसमधली ही गिरणी, १९४३. युद्ध चालू आहे. क्षेपणास्त्राच्या नाकात तीन कबुतरं बसवायची. पडद्यावरच्या लक्ष्याच्या चित्रावर ती चोच मारतील आणि नेम धरतील, अशी योजना. सरकारी निर्णयाची वाट बघताना स्किनर आणि सहकाऱ्यांनी एका कबुतराला चेंडू ढकलायला शिकवायचं ठरवलं. दाणा सोडणारा खटका हातात. चेंडूला चोचीचा फटका बसला की दाणा. बराच वेळ काहीच होईना. मग बेत बदलला: चेंडूकडे नुसतं बघितलं तरी दाणा, मग मान जवळ नेली की दाणा, मग स्पर्श झाला की. काही मिनिटांत चेंडू पेटीच्या भिंतींवर आदळू लागला.

यात घोळ होतो तो वेळेचा. दाणा क्षणभर उशिरा पडला तर तोवर कबुतरानं मान वळवलेली असते, आणि पक्कं होतं ते मान वळवणं. १९४८ मध्ये स्किनरनी हा घोळ मुद्दाम केला. कबूतर काहीही करो, दर १५ सेकंदांनी दाणा. आठपैकी सहांना ठळक ‘अंधश्रद्धा’ जडल्या. एक तर गोल गोल फिरू लागलं.

क्षेपणास्त्राचे पैसे ऑक्टोबर १९४४ मध्येच थांबले होते. धाकट्या लेकीसाठी केलेल्या उबदार, काचेच्या पाळण्याला लोक अजून प्रयोगाची पेटी समजतात. तो नुसता पाळणाच होता. तिच्याच चौथीच्या गणिताच्या तासाला १९५३ मध्ये जाऊन बसले, तर उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळतच नव्हतं. तिथून शिकवणारं यंत्र आलं. १९५९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कींनी स्किनरच्या भाषाविषयक पुस्तकाची चिरफाड केली. ती टीका बऱ्याच अंशी रास्त होती असं आम्हाला वाटतं.

१० ऑगस्ट १९९०, बॉस्टन. रक्ताचा कर्करोग झालेले ८६ वर्षांचे स्किनर मानसशास्त्रज्ञांच्या भरल्या सभेत उभे राहिले आणि मनाच्या आत डोकावणाऱ्या मानसशास्त्रावर पुन्हा एकदा तुटून पडले. आठ दिवसांनी, १८ ऑगस्टला, ते गेले.