तार नसलेलं टर्मिनल: रीडलाइन डॉसवर नेताना

मंडळी, आजचा विषय वाचून बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न 'कशाला?' हाच आला असेल. डॉस ही पीसीवरची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम, ती आता वापरतं कोण? थोडक्यात उत्तर असं: डॉसचा मुक्त अवतार फ्रीडॉस १९९४ पासून चालू आहे, त्याची १.३ आवृत्ती २०२२ मध्ये आली, आणि जुनी यंत्रं व जुने प्रोग्रॅम सांभाळणारी माणसं अजून आहेत. माझं स्वतःचं कारण मात्र निराळं आहे. युनिक्सवर वाढलेली एखादी लायब्ररी (इतर प्रोग्रॅमनी वापरायचा तयार कोड) डॉसवर न्यायला घेतली की तिने मनातल्या मनात काय काय गृहीत धरलं होतं ते एकेक करून बाहेर पडतं. ते बघण्यात मला रस आहे.

आज आपण रीडलाइन घेऊ. युनिक्सच्या बॅश या आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वरचा बाण दाबला की मागची आज्ञा येते, कंट्रोल-ए दाबलं की कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो, टॅब दाबला की फाइलचं नाव पुरं होतं. हे सगळं काम ही लायब्ररी करते. ब्रायन फॉक्स यांनी ती ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पासाठी लिहिली आणि चेट रेमी कित्येक वर्षं ती सांभाळत आहेत. जीडीबी या डीबगरसारखे प्रोग्रॅमही तीच वापरतात.

डॉसला ओळ संपादित करता येत नव्हती असं मात्र समजू नका. डॉसकडे काम मागायची वाट म्हणजे इंटरप्ट २१ (हे आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायात); त्याचं ०ए क्रमांकाचं फंक्शन अख्खी ओळ घेऊन देतं आणि एफ३ दाबला की आधीची ओळ परत येते. १९९१ साली एमएस-डॉस ५ बरोबर डॉसकी आलं, त्यात आज्ञांचा इतिहासही मिळाला. पण या सोयी तुमच्या प्रोग्रॅमच्या हातात नसतात. तुमच्या शब्दांची टॅबने पूर्ती करायची असेल तर त्यांचा उपयोग नाही.

कंपाइल करणं हा यातला सोपा भाग, तेव्हा तो पटकन उरकतो. डी. जे. डेलोरी यांनी १९८९ मध्ये सुरू केलेलं डीजेजीपीपी हे डॉससाठीचं कंपायलरचं पॅकेज घ्यायचं. त्यात जीसीसी हा सी कंपायलर आहे, बऱ्यापैकी पॉसिक्स (युनिक्सचं प्रमाण) धाटणीची सी लायब्ररी आहे, आणि प्रोग्रॅम ३८६ व त्यापुढच्या प्रोसेसरवर ३२-बिट प्रोटेक्टेड मोडमध्ये चालतो. नुसत्या डॉसवर चालवायचा तर शेजारी सीडब्ल्यूएसडीपीएमआय हा त्या मोडची सोय करणारा प्रोग्रॅम ठेवावा लागतो. लिनक्सवरून क्रॉस-कंपाइल केलं (तिथे बसून डॉसचा प्रोग्रॅम बनवला) तर आधी सिस्टिम तपासणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टच्या काही चाचण्या अडतात, कारण त्यांना एखादा छोटा प्रोग्रॅम चालवून बघायचा असतो आणि डॉसचा प्रोग्रॅम लिनक्सवर चालणार नाही. तेवढी उत्तरं आपण आधीच हाताने भरून द्यायची. शेअर्ड लायब्ररीचा पर्याय बंद करायचा.

खुद्द डॉसवरच बांधायचं ठरवलं तर आठ-तीनच्या (नावाला आठ आणि टिंबापुढे तीन अक्षरं) नावांशी गाठ पडते. 'कॉन्फिग.एच.इन' या नावात दोन टिंबं आहेत. डॉस तिसरा तुकडा टाकून देतं आणि मग ती फाइल व तिच्यापासून तयार होणारी 'कॉन्फिग.एच' एकाच नावावर येऊन बसतात. म्हणून मूळ फाइलचं नाव आधीच बदलून घेतात. गंमत अशी की 'लिबरीडलाइन.ए' या लांबलचक नावाचं मात्र काही बिघडत नाही. डॉस लिहितानाही ते आठ अक्षरांवर छाटतं आणि शोधतानाही तसंच छाटतं, त्यामुळे लिंकरला फाइल बरोबर सापडते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. रीडलाइनची समजूत अशी आहे की माणूस एका तारेच्या पलीकडे बसलाय. तारेतून इकडे बाइट येतात, तिकडे बाइट जातात, बाकी दोघांमध्ये काही नाही. वरचा बाण म्हणजे तिच्या लेखी एस्केप, चौकटी कंस आणि 'ए' असे तीन बाइट. डॉसमध्ये तारच नाही. कीबोर्ड आणि स्क्रीन दोन्ही त्याच यंत्राला जोडलेले आहेत आणि बायोस (यंत्रातच बसवलेला मूळ कोड) त्यांच्याशी थेट बोलतं.

बायोसच्या इंटरप्ट १६ ने की मागितली तर एका फटक्यात दोन गोष्टी हातात येतात: एका रजिस्टरमध्ये अक्षर, दुसऱ्यात स्कॅन कोड, म्हणजे कळेचा क्रमांक. बाणांना अक्षर नसतं, म्हणून तिथे शून्य येतं आणि स्कॅन कोड ४८ हेक्स. डॉसच्या फंक्शनने वाचलं तर आधी शून्याचा बाइट मिळतो, मग ४८ चा. आणि ४८ हेक्स म्हणजे आस्कीमध्ये इंग्रजी 'एच'. डॉसवर अर्धवट नेलेला प्रोग्रॅम ओळखायची खूण हीच: वरचा बाण दाबा, पडद्यावर 'एच' उमटतो. खालचा दाबला की 'पी', डावा दाबला की 'के', उजवा दाबला की 'एम'.

१०१ कळांच्या कीबोर्डसाठी बायोसचं १० हेक्स हे नवं फंक्शन वापरलं की वेगळ्या बाणांसाठी शून्याऐवजी ई० हेक्स येतं. हा एक सापळा आहे. ४३७ च्या कोडपेजमध्ये (डॉसच्या अक्षरांच्या तक्त्यात) ई० म्हणजे ग्रीक अल्फा, आणि तो कुणी ऑल्ट धरून २२४ टाइप करून खरोखर आणू शकतो. तेव्हा ई० दिसला की स्कॅन कोड शून्य आहे का ते बघायचं. शून्य असेल तर अल्फा, नसेल तर विशेष की. ऑल्ट-बी, ऑल्ट-एफ यांनाही अक्षर येत नाही, नुसता स्कॅन कोड येतो: बी साठी ३०, एफ साठी २१, दोन्ही हेक्समध्ये. हे आकडे कीबोर्डवरच्या जागेवरून ठरलेले आहेत, वर्णमालेवरून नव्हे. त्यामुळे तक्ता लिहिण्यावाचून इलाज नाही.

माझं मत असं की रीडलाइनच्या आतल्या कोडला हात लावू नये. तिच्यात आधीपासून डॉससाठीचे जागोजागी विखुरलेले तुकडे आहेत. ते काम करतात, पण त्यांत भर घालत गेलं की कोड वाचवत नाही. त्याऐवजी लायब्ररीने स्वतःच ठेवलेली दारं वापरावीत. अक्षर वाचायचं फंक्शन हा तिथे एक पॉइंटर आहे, तो आपल्याकडे वळवायचा. आपण बायोसकडून एक की घ्यायची, तिचे तीन बाइट करायचे, पहिला द्यायचा आणि उरलेले दोन एका छोट्या रांगेत ठेवायचे.

इथे एक बारकी खोच आहे. एस्केप आला की तो एकटाच आहे की मागून काही येतंय, हे ठरवायला रीडलाइन थोडा वेळ वाट बघते आणि इनपुट शिल्लक आहे का असं सिस्टिमला विचारते. आपले दोन बाइट तर आपल्या रांगेत आहेत, सिस्टिमला त्यांचा पत्ताच नाही. ती 'काही नाही' म्हणते. व्हीआय या एडिटरसारखी पद्धत चालू असेल तर लायब्ररी एस्केप एकटा समजून आज्ञा-अवस्थेत जाते, आणि मागून आलेला 'ए' म्हणजे तिथे ओळीच्या शेवटी जाऊन लिहायला लागा. माणूस वरचा बाण दाबतो आणि कर्सर ओळीच्या टोकाला जाऊन बसतो! यावर उपायही लायब्ररीतच आहे. 'इनपुट आहे का' हे विचारण्याचा वेगळा हूक (आपलं फंक्शन अडकवायची जागा) नव्या आवृत्त्यांत दिलेला आहे. त्यात आधी आपली रांग बघायची, मग बायोसला विचारायचं.

खरं सांगायचं तर इथे डॉस युनिक्सपेक्षा सरस आहे. त्याला एस्केपची कळ आणि बाणाची कळ यांत कधीच गोंधळ नव्हता. गोंधळ आपण घातला, लायब्ररीच्या समाधानासाठी. तरीही मी हाच मार्ग घेईन, कारण मग सगळे की-मॅप आणि वापरणाऱ्याची सगळी सेटिंग जशीच्या तशी चालतात.

पडद्याची बाजू बघू. कॉन्फिग.सिस मध्ये आन्सी.सिस (एस्केपचे कोड समजणारा ड्रायव्हर) लावलेलं नसेल तर एस्केपचे कोड तसेच छापले जातात. ४३७ मध्ये एस्केपचं चित्र डावीकडचा बाण आहे, त्यामुळे पडदा बाणांनी आणि कंसांनी भरून जातो. वापरणाऱ्याने आन्सी.सिस लावलं असेल यावर विसंबू नये. डीजेजीपीपीत कर्सर हलवायची आणि पडदा पुसायची फंक्शनं आहेत, ती वापरावीत.

खरी डोकेदुखी ८० व्या रकान्याची. व्हीटी१०० या जुन्या टर्मिनलच्या धाटणीत ऐंशीवं अक्षर लिहिलं की कर्सर तिथेच थांबतो, पुढचं अक्षर आल्यावर खाली उतरतो. डॉसचा कन्सोल लगेच खाली उतरतो, आणि तळाची ओळ असेल तर पडदाही वर सरकवतो. रीडलाइन मनात धरते की आपण अजून त्याच ओळीवर आहोत. तिथून पुढे ती प्रत्येक वेळी एक ओळ चुकीची पुसते. ऐंशीवं अक्षर कर्सर न हलवणाऱ्या बायोस फंक्शनने लिहिता येतं. पण त्याहून सोपी वाट म्हणजे टर्मिनलला ऐंशीव्यावर थांबायचा हा गुण नाही असं लायब्ररीला सांगायचं. मग ती रुंदी आपणहून एकाने कमी करते आणि ७९ रकान्यांत काम भागवते. एका रकान्यासाठी जीव कशाला टाकायचा?

फाइलींच्या नावांचंही थोडं बघावं लागतं. टिंबाने सुरू होणारं नाव डॉसला चालत नाही, म्हणून सेटिंगची इनिट फाइल अधोरेखेने सुरू होते: '_इनपुटआरसी'. वापरणाऱ्याची डिरेक्टरी सांगणारं होम हे चल आपोआप नसतं, ते बॅच फाइलमधून सेट करावं लागतं. आणि शब्द तोडणाऱ्या चिन्हांच्या मूळ यादीत उलटी तिरकी रेघ आहे. ती डॉसमध्ये डिरेक्टरी वेगळी करते, त्यामुळे लांब पाथ लिहून टॅब दाबलात तर फक्त शेवटचा तुकडा चालू डिरेक्टरीत शोधला जातो. ती यादी प्रोग्रॅमने बदलायची असते. जीडीबी नेमकं तेच करतं.

बायोसचा मार्ग घेण्याआधी एक तपासणी मात्र कधीही गाळू नका: इनपुट खरंच कन्सोलवरून येतंय का? फाइलमधून वळवलेलं असेल आणि आपण बायोसकडे की मागत बसलो, तर प्रोग्रॅम कुणीतरी कळ दाबेपर्यंत ताटकळत राहील. सीटीटीवाय आज्ञेने कन्सोल सीरियल पोर्टवर नेलेला असेल तर तिथे समोर खरोखरचं टर्मिनल असतं. अशा वेळी आपला सगळा डॉसचा थर बाजूला करून लायब्ररीचं मूळ वागणंच चालू ठेवायचं.

शेवटी परवान्याबद्दल. रीडलाइन जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, त्याच्या सैल भावंडाखाली, एलजीपीएलखाली नाही. तुमचा प्रोग्रॅम तिच्याशी लिंक करून वाटला तर तोही जीपीएलशी सुसंगत हवा. ते जमत नसेल तर सैल बीएसडी परवान्याचं लाइननॉइज (अशाच कामाची लायब्ररी) बघा. ते इतकं लहान आहे की अख्खं वाचून होतं, पण ते व्हीटी१०० चेच कोड फेकतं, तेव्हा आउटपुटची बाजू हाताने लिहावी लागेल. आणि तुम्हाला १६-बिट प्रोग्रॅम करायचा असेल, ओपन वॉटकॉम कंपायलरने आणि ६४ केबीच्या सेगमेंटमध्ये, तर रीडलाइनचा नाद सोडा. तिथे लाइननॉइजच घ्यावं, इतिहासाच्या ओळींवर मर्यादा घालावी आणि कीबोर्डचा मघाचा तक्ता तसाच उचलून वापरावा.