पुडीवरचं नाव

नमस्कार श्रोतेहो.

परवा पोस्टमनदादांनी एक पाकीट हातात दिलं. आत पुठ्ठ्याची घडी, घडीत कागदाची पुडी आणि पुडीत खोल मिरचीच्या पंधरा बिया. गोव्यात काणकोण तालुक्यातल्या खोल गावाची, डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होणारी ही मिरची. तिला भौगोलिक मानांकन आहे. बदल्यात मी नागपूर जिल्ह्यातल्या भिवापुरीचं बी धाडलं होतं. कुंड्यांत मिरच्या लावणारे आम्ही हौशी लोक अशीच अदलाबदल करतो. पैशांचा व्यवहार नाही. स्वतःचा पत्ता लिहून, तिकीट लावून एक रिकामं पाकीट पत्रात घालायचं. समोरचा त्यातच बी भरून परत टाकतो.

आज मला बोलायचंय ते पुडीवर लिहिलेल्या नावाबद्दल.

मिरचीचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं, पण मधमाशी शेजारच्या कुंडीतला पराग आणून टाकतेच. भोपळी मिरची आणि लवंगी एकाच प्रजातीच्या. त्यांचा संकर सहज होतो. फसगत अशी, की संकर झालेलं फळ दिसायला, चवीला आईसारखंच असतं. फरक असतो आतल्या बियांत. तो कळतो पुढच्या हंगामात, तेही दुसऱ्याच्या गच्चीवर. तीन वर्षांपूर्वी मला ‘लवंगी’ म्हणून आलेल्या बियांना अंगठ्याएवढ्या जाड, जेमतेम तिखट मिरच्या लागल्या. जूनपासून जपलेली रोपं होती, फार वाईट वाटलं. पाठवणाऱ्याच्या मनात खोट नव्हती. त्यानं फुलं झाकली नव्हती, एवढंच.

म्हणून बी धरायचं असेल तर कळ्या उमलण्याआधीच फांदीवर पातळ जाळीची पिशवी बांधा. सकाळी फांदीला हलकी टिचकी मारा, पराग झडतो. फळ धरलं की पिशवी काढा, देठाला रंगीत दोरा बांधा आणि बी फक्त त्याच मिरचीचं घ्या. हे जमलं नसेल तर पुडीवर ‘फूल झाकलेलं नाही’ असं स्पष्ट लिहा. तसं बीही लोक आनंदानं घेतात.

मिरची झाडावरच पूर्ण पिकू द्या. बी सावलीत, कागदावर सुकवा. वाकवून पाहा: लवलं तर ओल आहे, कट्‌कन तुटलं तर पाठवायला तयार. ओलं बी प्लास्टिकमध्ये घातलं तर पोचेपर्यंत बुरशी धरते. पुडी तिकिटाच्या कोपऱ्यापासून लांब चिकटवा. शिक्का तिथेच बसतो आणि बी चिरडतं. रोगट झाडाचं बी मात्र कुणालाही देऊ नका. तंबाखूचा मोझॅक विषाणू मिरचीच्या बियांच्या सालीवरूनही प्रवास करतो.

परदेशातल्या भाच्याला ‘पत्रातून चार बिया पाठव’ असं सांगणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती, तसं करू नका. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार त्यासाठी आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. आपल्याच देशात लावून पाहण्याजोगं पुष्कळ आहे. ईशान्येकडची भूत जोलोकिया घ्या. ती उगवायला तीन-चार आठवडेही लावते, तेव्हा पंधरा दिवसांत माती उकरू नका.

खोलच्या पंधरापैकी दहा बिया मी काल रुजत घातल्या, पाच राखून ठेवल्या. पुडीवर काणकोणच्या ताईंनी बारीक अक्षरात लिहिलंय: ‘पिशवी बांधली होती. दोन झाडांचं बी.’

नमस्कार.