आधी ट्रेड शिका, मग भाषा

मित्रहो, पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद इथल्या जागतिक इन्व्हेस्टमेंट बँकांच्या तंत्रज्ञान केंद्रांत रुजू होणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: प्रोग्रामिंगची कोणती भाषा पक्की करू, जावा की पायथन? दोन्ही लागतील. पण या क्षेत्रात वीस वर्षं काढायची, आणि मानानं काढायची, तर आधी ट्रेड शिका. एक सौदा जन्माला येतो तिथपासून तो पैसे चुकते होऊन संपतो तिथपर्यंत.

एक साधी ऑर्डर घेऊ. न्यूयॉर्कमध्ये १०,००० शेअर्सची खरेदी. ती फिक्स प्रोटोकॉलच्या, म्हणजे सौद्यांचे संदेश पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या, संदेशातून येते. त्यात प्रत्येक माहितीला एक क्रमांक असतो, तो टॅग: टॅग ३५ मध्ये डी म्हणजे नवी ऑर्डर, ५४ म्हणजे खरेदी की विक्री, ३८ म्हणजे किती, ४४ म्हणजे काय भावानं. हे टॅग तोंडपाठ असलेला माणूस रात्री लॉग (सिस्टिमनं केलेल्या नोंदी) उघडून दोन मिनिटांत बोलू लागतो, बाकीचे कागदपत्रं शोधत बसतात. आता समजा ७,००० शेअर्स ५०.०१ डॉलरला मिळाले आणि ३,००० शेअर्स ५०.०२ ला. सरासरी भाव ५०.०१३. पुढच्या एखाद्या सिस्टिमनं तो दोनच दशांश स्थळांपर्यंत ठेवला, तर १०,००० शेअर्सची रक्कम ५,००,१३० ऐवजी ५,००,१०० डॉलर होते. तीस डॉलरचा फरक! पण समोरच्याची रक्कम जुळत नाही, सकाळी रेकोमध्ये, म्हणजे दोन्हीकडच्या नोंदी ताडून बघताना, ब्रेक (न जुळणारी नोंद) दिसतो आणि ऑपरेशन्सच्या, म्हणजे सौदे मार्गी लावणाऱ्या विभागाच्या, कुणाला तरी तो हातानं सोडवावा लागतो. असे रोज दोनशे झाले की त्यात खरा मोठा ब्रेक दडून जातो. म्हणून पैशाची रक्कम फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, ठेवू नका, दशांश प्रकार वापरा, आणि राउंडिंग नेमकं कुठल्या पायरीवर होतं ते लिहून ठेवा.

पहिल्या वर्षात आठवड्यातले दोन तास ऑपरेशन्सच्या टेबलाशी बसून काढा. कोणते ब्रेक रोज येतात, कुणाला काय एक्सेलमध्ये करावं लागतं, ते बघा. तुमच्या पुढच्या तीन वर्षांचं उपयोगी काम त्या एक्सेलमध्ये असतं.

वेळेचं भान ही दुसरी गोष्ट. २८ मे २०२४ पासून अमेरिकेत शेअर्सचं सेटलमेंट, म्हणजे शेअर्स आणि पैशांची प्रत्यक्ष देवाणघेवाण, दोन दिवसांऐवजी एका दिवसात होऊ लागलं. सौद्यांची पुष्टी त्याच रात्री नऊपर्यंत करायची, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेसहा. पूर्वी हातात असलेला एक पूर्ण दिवस गेला. रात्रीची बॅच (एकत्र चालणारी ठरलेली कामं) दोन तास अडकली, तर आता ती सकाळी निवांत पुन्हा चालवता येत नाही. शिवाय अमेरिका घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढं करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कमधलं अंतर पाच तासांचं चार होतं. कुणी कोडमध्ये ‘पाच’ लिहून ठेवलं असेल तर जॉब तासभर चुकतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी सगळं आपोआप ठीक झाल्यामुळे कारण कुणी शोधत नाही. टाइम झोनचं नाव वापरा, आकडा नको.

आता ज्या घटनेवर मला थोडं थांबायचं आहे ती. १ ऑगस्ट २०१२, नाइट कॅपिटल. ही बँक नव्हे, अमेरिकेतली मोठी मार्केट मेकर, म्हणजे सतत खरेदी-विक्रीचे भाव देणारी, कंपनी, पण धडा आपल्याच कामाचा आहे. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजच्या नव्या योजनेसाठी त्यांनी ऑर्डर पाठवणाऱ्या प्रणालीत बदल केला. सर्व्हर आठ. सातांवर नवा कोड गेला, एकावर जायचा राहून गेला. नव्या कोडनं एक जुना फ्लॅग (कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरला होता, आणि त्या आठव्या सर्व्हरवर त्याच फ्लॅगनं २००३ पासून वापरात नसलेला कोड जागा झाला. ऑर्डर पुरी झाली की थांबायचं, हे मोजणारा भाग २००५ मध्येच दुसरीकडे हलवला होता. त्यामुळे तो थांबेना. २१२ ऑर्डरींमधून ४५ मिनिटांत चाळीस लाखांहून जास्त सौदे झाले, आणि तोटा ४४ कोटी डॉलरच्या वर गेला. बाजार उघडण्याआधी ९७ ईमेल आले होते, पण ते इशारा म्हणून कुणी बघण्याची व्यवस्थाच नव्हती. गडबडीत त्यांनी चांगल्या सात सर्व्हरवरचा नवा कोड काढला, आणि आठही बिघडले.

यातून चार सवयी लावून घ्या. रिलीजनंतर, म्हणजे नवा कोड चालू केल्यावर, प्रत्येक सर्व्हरवरची आवृत्ती यंत्रानं तपासायची, डोळ्यांनी नाही. जुना फ्लॅग पुन्हा वापरायचा नाही. रोलबॅक केल्यावर, म्हणजे बदल मागे घेतल्यावर, नेमकं काय उरतं, त्याची रिलीजआधी तालीम करायची. आणि बंद करण्याचं बटण कुणाच्या हातात आहे, ते नावानिशी ठरलेलं असायचं.

पदांबद्दल थोडक्यात: अॅनालिस्ट, असोसिएट, व्हाइस प्रेसिडेंट, डायरेक्टर, मॅनेजिंग डायरेक्टर. व्हाइस प्रेसिडेंट म्हणजे उपाध्यक्ष नव्हे, तो अनुभवी इंजिनिअर. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. बढतीसाठी तुमच्या टीमबाहेरच्या लोकांनी तुमच्याबद्दल बोलावं लागतं, म्हणून दर चार-पाच वर्षांनी बाजू बदला: ट्रेडिंगकडून रिस्ककडे, रिस्ककडून सेटलमेंटकडे. मोठ्या बँकांची स्वतःची साधनं असतात. गोल्डमन सॅक्सची स्लँग ही भाषा त्या घराबाहेर चालत नाही. ती मनापासून शिका, पण तिच्यामागची कल्पना, म्हणजे एका भावात बदल झाला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुन्हा काढणं, ती वेगळी ओळखा. कल्पना तुमच्याबरोबर बाहेर येते.

आणि एक काम कुणी आनंदानं मागत नाही, ते मागून घ्या: जुनी सिस्टिम बंद करणं. आधी तिचे वाचक, म्हणजे तिच्यातून माहिती घेणाऱ्या इतर सिस्टिम आणि माणसं, शोधा. कोडवरून नाही, प्रत्यक्ष जोडण्यांच्या लॉगवरून. मग एकेकाला नव्या सिस्टिमवर हलवा, जुनीत माहिती लिहिणं बंद करा, वाचणं चालू ठेवा. सर्व्हर काढण्याआधी महिनाअखेर, तिमाहीअखेर आणि वर्षअखेर जाऊ द्या, कारण काही अहवाल वर्षातून एकदाच, ३१ डिसेंबरनंतर, त्या जुन्या सिस्टिमकडे हात पसरतात.