डिपेंडन्सी अडते तेव्हा: डेबियन पॅकेजिंगविषयी

डेबियन या लिनक्स-प्रणालीसाठी पॅकेज, म्हणजे बसवायला तयार असा सॉफ्टवेअरचा गठ्ठा, तयार करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी ॲप्टचा, म्हणजे पॅकेजे बसवणाऱ्या साधनाचा, एक जुना निरोप दिसलेला असतो, की अडचणी सोडवता येत नाहीत, कारण तुम्ही मोडकी पॅकेजेस धरून ठेवली आहेत. बहुतेक वेळा कोणीही काहीही धरून ठेवलेले नसते. सर्व अटी (डिपेंडन्सी, म्हणजे एका पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजे) एकाच वेळी पूर्ण करणारा पॅकेजांचा संच ॲप्टला सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि कारण वरच्या ओळींत असते. तिथे जे पॅकेज बसणार नाही असे लिहिलेले असते, ते एकटेच बसवून पाहावे, म्हणजे त्याची अडलेली अट पुढे येते. असे एकेक पायरी खाली उतरत गेले की अखेरीस एक नाव हाती लागते, जे रिपॉझिटरीत, म्हणजे पॅकेजांच्या भांडारात, नाही, किंवा आहे पण हव्या त्या आवृत्तीचे नाही. ॲप्ट-कॅश पॉलिसी ही आज्ञा त्या नावासाठी चालवली, की कोणती आवृत्ती कुठून मिळू शकते ते कळते.

यानंतर होणारी चूक मला सर्वांत घातक वाटते. हवी ती लायब्ररी आपल्या यंत्रावर बसवली जाते, बांधणी (मूळ कोडमधून पॅकेज तयार करणे) पार पडते, पण पॅकेजचे वर्णन असलेल्या कंट्रोल फाइलमधील बिल्ड-डिपेंड्समध्ये, म्हणजे बांधणीला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत, तिची नोंद होत नाही. डेबियनच्या बांधणी-यंत्रांवर मूलभूत साधने आणि नोंदलेली पॅकेजे एवढेच असते, त्यामुळे तेच पॅकेज तिथे बांधले जात नाही. म्हणून बांधणी एसबिल्ड या साधनाने, स्वच्छ सीएचरूटमध्येच, म्हणजे बाकी यंत्रापासून वेगळ्या ठेवलेल्या कोऱ्या प्रणालीतच, करावी, असा माझा आग्रह आहे. दोष यंत्राचा नसून नोंदीचा आहे, हे तिथे लगेच दिसते.

चालताना लागणाऱ्या लायब्ररींची नावे मात्र शक्यतो हाताने लिहू नयेत. का, ते एका उदाहरणाने कळते. ३२ बिटांत मोजलेली वेळ १९ जानेवारी २०३८ रोजी संपते. म्हणून २०२४ मध्ये डेबियनने एआरएम प्रोसेसरसाठीच्या आर्मएचएफसारख्या ३२ बिटांच्या आर्किटेक्चरवर, म्हणजे प्रोसेसरच्या प्रकारांवर, जुन्या पीसींचे आय३८६ वगळून, वेळेचा प्रकार ६४ बिटांचा केला. बायनरी सुसंगती मोडत असल्याने, म्हणजे आधी बांधलेले प्रोग्राम नव्या लायब्ररींशी जुळत नसल्याने, लायब्ररी-पॅकेजांची नावे बदलावी लागली, आणि लिबएसएसएल३ चे लिबएसएसएल३टी६४ झाले. ज्यांनी जुने नाव हाताने लिहिले होते, त्यांचे पॅकेज ६४ बिटांच्या एएमडी६४ वर बसत राहिले, कारण तिथे नवे पॅकेज जुने नावही पुरवते. आर्मएचएफवर ते पुरवत नाही, त्यामुळे तेच पॅकेज तिथे अडले. ज्यांनी डिपेंड्समध्ये, म्हणजे चालताना लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत, शलिब्जचा चल (नावांच्या जागी ठेवलेली खूण) ठेवला होता, त्यांच्यासाठी डीपीकेजी-शलिबडेप्स या साधनाने तयार बायनरी तपासून योग्य नाव स्वतःच भरले, आणि त्यांना नुसती पुन्हा बांधणी पुरली. प्रोग्राम चालू असताना डीएलओपन या फंक्शनने उघडली जाणारी लायब्ररी या साधनाला दिसत नाही. तेवढीच हाताने लिहावी लागते.