खाजकुइलीच्या बियांतलं औषध

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी उलटली की कोकणात आणि घाटमाथ्याच्या रानात कुंपणांवर, झुडपांवर चढलेली एक वेल नजरेत भरते. आधी गर्द जांभळ्या फुलांचे लोंबते घोस येतात आणि मग बोटाएवढ्या वाकड्या शेंगा. शेंगांवर सोनेरी तपकिरी लव असते. दिसायला इतकी मऊ की हात लावावासा वाटतो, पण रानात वावरणारा माणूस तिच्या वाटेला जात नाही. ही खाजकुइली, काही भागांत कुहिली म्हणतात. तिची लव अंगाला लागली की खाजवून खाजवून जीव नकोसा होतो, आणि मग गावातली म्हातारी माणसं तिथं शेण चोळायला सांगतात.

आज मला बोलायचंय ते त्या शेंगेच्या आतल्या बीबद्दल. आयुर्वेदात हीच आत्मगुप्ता, हीच कपिकच्छू. काष्ठौषधींच्या दुकानात ती कवचबीज म्हणून मिळते. बी दुधात शिजवून, वरचं साल काढून वापरायची जुनी रीत आहे. या बीमध्ये लेवोडोपा नावाचा पदार्थ असतो, साधारण 4 ते 6 टक्के, वाणानुसार थोडा कमी-जास्त. आणि पार्किन्सनच्या आजारावरचं सगळ्यात भरवशाचं औषध आजही लेवोडोपा हेच आहे.

पार्किन्सन म्हटलं की लोकांना फक्त हाताचा कंप आठवतो. मी मेंदूविकारांचा डॉक्टर आहे, आणि माझ्याकडे येणारे कितीतरी रुग्ण कंपाची तक्रार घेऊन येतच नाहीत. एक निवृत्त शिक्षक आले होते ते पेन्शनच्या अडचणीमुळे. बँकेत सही जुळेना. मी त्यांना कोऱ्या कागदावर स्वतःचं नाव पाच-सहा वेळा लिहायला सांगितलं. पहिली सही ठीक होती, दुसरी बारीक, आणि शेवटची तर मुंगीच्या रांगेसारखी झाली होती. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, चालताना एक हात हलत नाही, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत. घरच्यांना वाटतं, वय झालं. खरं कारण असं की मेंदूच्या तळाशी एका लहानशा काळसर भागातल्या पेशी मरत चाललेल्या असतात. या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात, आणि डोपामिन घटलं की हालचाल मंदावते.

मग सरळ डोपामिनच का देत नाहीत? कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा ते ओलांडू शकत नाही. लेवोडोपा मात्र तो ओलांडतो, आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं.

हे कळायला किती वर्षं गेली पाहा. 1913 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात मार्कुस गुगेनहाइम या रसायनशास्त्रज्ञाने बाकल्याच्या शेंगांतून लेवोडोपा वेगळा काढला. त्यातला अडीच ग्रॅम त्याने स्वतःच खाऊन पाहिला आणि त्याला उलट्या झाल्या. 1937 साली आपल्याकडे, मद्रासमध्ये, दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुइलीच्या बीमध्ये हाच पदार्थ दाखवून दिला. पण त्याचा उपयोग काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

उत्तराची वाट दुसऱ्या एका वनस्पतीमुळे उघडली, तीही आपलीच: सर्पगंधा. 1949 साली मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. तीनच वर्षांत त्याच बाझलमध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते रक्तदाबासाठी आणि मनोरुग्णांसाठी वापरलं जाऊ लागलं, आणि डॉक्टरांच्या लक्षात आलं की जास्त मात्रेवर काही रुग्ण ताठर, मंद होतात, त्यांचे हात थरथरतात. थेट पार्किन्सनसारखे.

1957 साली स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं. रेसरपिन चेतापेशींमधला डोपामिनसारख्या रसायनांचा साठाच रिकामा करतं. ससे निपचित पडले, कान लोंबू लागले. मग त्यांना डोपा, म्हणजे लेवोडोपाच्याच जातीचं द्रव्य, टोचल्यावर थोड्याच वेळात ते उठून हालचाल करू लागले. पुढे व्हिएन्नामध्ये होर्निकिएविच यांनी पार्किन्सनने गेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, त्यांत डोपामिन फारच कमी निघालं. 1967 साली अमेरिकेत जॉर्ज कोटझियास यांनी थोड्या मात्रेपासून सुरुवात करून, हळूहळू वाढवत तोंडावाटे हेच डोपा दिलं आणि जखडलेली माणसं चालू लागली. कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळालं. या शोधात आपल्या रानातल्या दोन वनस्पतींचा वाटा आहे हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही, आणि ते सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्या मनातला प्रश्न. बीमध्येच औषध आहे, तर गोळी कशाला? कवचबीजाचं चूर्ण का घेऊ नये?

प्रश्न रास्त आहे, आणि तो गंभीरपणे तपासला गेला आहे. 1978 साली मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य, डॉ. नोशिर वाडिया आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या रुग्णांवर या बीचा अभ्यास प्रसिद्ध केला. 2004 साली लंडनमध्ये 8 रुग्णांवर एक चाचणी झाली. त्यात 30 ग्रॅम चूर्णाचा परिणाम सुमारे 35 मिनिटांत सुरू झाला, नेहमीच्या गोळीला त्याच्या जवळपास दुप्पट वेळ लागला. 2017 साली बोलिव्हियातल्या 18 रुग्णांवरच्या अभ्यासातही भाजलेल्या बियांच्या पुडीने चांगला गुण दिला. गोळ्या परवडत नाहीत अशा लोकांसाठी ही मोठी आशा होती. पण ही एकेका मात्रेची परीक्षा होती. त्याच गटाने पुढे 14 रुग्णांना रोज पूड देऊन पाहिली, तेव्हा निम्म्या रुग्णांनी ती मध्येच सोडली. बहुतेकांचं कारण पोटाचा त्रास किंवा हालचाल आणखी खालावणं हेच होतं.

असं का झालं असावं? पोटात गेलेल्या लेवोडोपापैकी बराचसा मेंदूत पोचण्याआधीच डोपामिनमध्ये बदलतो, आणि त्यानेच मळमळ, उलटी होते. गुगेनहाइमला झालं तेच. म्हणून आजच्या गोळीत लेवोडोपाबरोबर कार्बिडोपा असतं. ते हा बदल बाहेरच्या बाहेर रोखतं, त्यामुळे लेवोडोपाची लागणारी मात्रा साधारण पाव होते. बीमध्ये कार्बिडोपा नसतं.

मला त्याहून जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. एक काका गोळ्या नियमित घेत होते, तरी त्यांचे हातपाय वेडेवाकडे हलायला लागले, रात्री खोलीत माणसं दिसू लागली. मी मात्रा कमी केली, फरक पडेना. शेवटी काकूंनी पिशवीतून चूर्णाचा डबा काढला. "हे आयुर्वेदिक आहे हो डॉक्टर, औषध नाही," म्हणाल्या. रोज दोन चमचे दुधातून चाललं होतं. म्हणजे त्यांच्या पोटात लेवोडोपा दोन वाटांनी जात होता आणि हिशोब मी एकाच वाटेचा करत होतो. काकूंचा त्यात काही दोष नव्हता. चूर्ण घेता का, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

बाकी वनस्पतींबद्दल थोडक्यात. अल्झायमरवर वापरलं जाणारं गॅलँटामिन हे स्नोड्रॉपच्या कुळातल्या फुलझाडांतून मिळालं आणि ते रीतसर मान्य झालेलं औषध आहे. त्याने आजार थांबत नाही, काही रुग्णांची स्मृती काही काळ बरी राहते. ब्राह्मीवर छोटे अभ्यास आहेत, पण त्यावरून स्मृतिभ्रंश बरा होतो असं म्हणता येत नाही. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत खूप काही करतं, पण खाल्ल्यावर रक्तात फारच कमी उतरतं. जाहिरातीत यातलं काहीही सांगितलं जात नाही.

तर पार्किन्सनचा रुग्ण घरात असेल तर इतकं करा. कुठलंही चूर्ण, काढा, कॅप्सूल चालू असेल तर डबा घेऊनच डॉक्टरांकडे जा. वैद्यांकडे जात असाल तर त्यांनाही गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. लेवोडोपाची गोळी शक्यतो जेवणाआधी अर्धा तास द्या, कारण डाळ, दूध, अंडी, मांस यांतली प्रथिनं तिच्या शोषणात आडवी येतात. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर एखादं साधं बिस्किट चालेल. आणि चूर्णाने बरं वाटतंय म्हणून गोळी एकदम बंद करू नका. ती अचानक थांबवली तर अंग लाकडासारखं ताठ होऊन जोराचा ताप येऊ शकतो, आणि तो जिवावर बेततो. तसं झालंच तर सकाळची वाट न पाहता, त्याच रात्री इस्पितळ गाठा.

नमस्कार.