कुरतडलेल्या पानांची बाग

पडद्यावर रुईच्या रोपाभोवती घुटमळताना दिसते ती केशरी फुलपाखराची मादी आहे. तिला मराठीत बिबळ्या कडवा आणि इंग्रजीत प्लेन टायगर म्हणतात. शेजारीच फुलांचा ताटवा बहरला आहे, पण आत्ता तिचे तिकडे लक्ष नाही. ती एका पानावर टेकते, पुढच्या आखूड पायांनी पान चाचपते आणि उडून दुसऱ्या पानावर जाते. तिच्या पायांवर चव ओळखणारी सूक्ष्म इंद्रिये असतात. पानातील रसायने ओळखीची निघाली, तरच ती पोटाचे टोक वळवून पानाच्या खालच्या बाजूला एकच अंडे चिकटवते. हस्तिदंती रंगाचे, उभ्या कंगोऱ्यांचे हे अंडे जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढे असते.

फुलपाखरांसाठी बाग करायची म्हटले, की आपण फुलझाडे आणतो. मकरंदासाठी फुलपाखरे अनेक जातींच्या फुलांवर बसतात, त्यामुळे अशी बाग भरलेली दिसते. परंतु त्यांच्या अळ्यांचे तसे नसते. बहुतेक जातींच्या अळ्या ठरावीक कुळातील मोजक्याच वनस्पतींची पाने खातात आणि ती मिळाली नाहीत तर उपाशी मरतात. अशा वनस्पतींना खाद्यवनस्पती म्हणतात. ज्या बागेत त्या नाहीत, तिथे फुलपाखरू पाहुण्यासारखे येते आणि निघून जाते.

या काटेकोरपणाचे मूळ वनस्पतींच्या संरक्षणात आहे. पाने खाल्ली जाऊ नयेत म्हणून वनस्पती कडू, उग्र, प्रसंगी विषारी द्रव्ये तयार करतात, आणि एखाद्या कीटकवंशाला ती पचवण्याची युक्ती साधली, की पिढ्यानपिढ्या तो त्याच वनस्पतींना धरून राहतो. फुलपाखरे आणि वनस्पती यांनी एकमेकांना असे घडवत नेले, हा विचार पॉल अर्लिक आणि पीटर रेव्हन या जीवशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये एका शोधनिबंधात मांडला.

रुईच्या पानावर ही युक्ती प्रत्यक्ष पाहता येते. अंड्यातून बाहेर आलेली अळी आधी अंड्याचे कवच खाते आणि मग पानाकडे वळते. रुईचा चीक दाट आणि चिकट असतो, इतक्या लहान जिवाचे तोंड त्यात सहज चिकटून बसेल. म्हणून अळी पानावर आधी अर्धगोल चर पाडते, त्यातून चीक वाहून जाऊ देते आणि चराच्या आतला भाग निवांतपणे खाते. चिकातली विषारी द्रव्ये ती स्वतःच्या शरीरात साठवते. तिच्या अंगावरचे काळे, पांढरे आणि पिवळे पट्टे पक्ष्यांना हीच गोष्ट दुरून सांगतात. चार वेळा कात टाकून ती बोटाच्या दोन पेरांएवढी होते, तोवर रोपाची बरीच पाने गेलेली असतात. रुईला त्याचे विशेष काही वाटत नाही, लवकरच तिला नवी पालवी फुटते.

कढीपत्ता आणि लिंबू यांवर लाइम आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरे अंडी घालतात. यांची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाल्यावर ती पानासारखी हिरवी होते आणि डिवचली तर डोक्यामागून उग्र वासाचे दुभागलेले शिंग बाहेर काढते. ईश्वरीच्या वेलावर कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ वाढतात, तर बहाव्याच्या कोवळ्या पानांवर कॉमन एमिग्रंट. आंबुशी आणि घोळ यांना आपण तण म्हणून उपटून टाकतो, पण आंबुशीवर पेल ग्रास ब्लू हे इवलेसे निळे फुलपाखरू वाढते आणि घोळीवर डॅनाइड एगफ्लाय. या एगफ्लायची मादी दिसायला थेट बिबळ्या कडव्यासारखी असते. त्याचे विष तिच्यात नसते, पण त्याच्या रंगांचा धाक तिला पक्ष्यांपासून वाचवतो. म्हणून बागेचा एखादा कोपरा न खुरपता सोडावा, असे मला मनापासून वाटते.

खाद्यवनस्पती शक्यतो देशीच लावाव्यात हा आग्रह का, हे ऑस्ट्रेलियातील रिचमंड बर्डविंग या फुलपाखराच्या उदाहरणावरून कळते. त्याच्या अळ्या तिथल्या जंगलातील एका वेलीवर वाढतात. शोभेसाठी दक्षिण अमेरिकेतून आणलेली, त्याच कुळातील दुसरी वेल बागांमधून पसरली. मादीला ती ओळखीची वाटते, ती तिच्यावर अंडी घालते, आणि पाने खाऊन अळ्या मरतात. प्रत्येक परकी वनस्पती इतकी घातक नसते हे खरे, काही परक्या वनस्पती अळ्यांना चालतातही. पण ज्या पानांशी एखाद्या फुलपाखराचे नाते लाखो वर्षांत जुळले आहे, ती सहज लावता येत असताना ही जोखीम का घ्यावी?

लागवड करताना एकाच जातीची दोन-तीन रोपे जवळजवळ लावावीत, कारण एक लहान रोप भुकेल्या अळ्या बघता बघता संपवतात. विकत आणलेल्या रोपावर कीटकनाशक मारले होते का, हे आधी विचारून घ्यावे. पानांत मुरलेले औषध आठवडेच्या आठवडे टिकू शकते. घरी फवारणी करूच नये. रुईचा चीक डोळ्यांना अपाय करतो, तेव्हा तिची छाटणी करून झाल्यावर हात लगेच धुवावेत. पक्षी, कोळी आणि गांधीलमाश्या बहुतेक अळ्या उचलतील. ते पाहून जीव हळहळतो, पण पक्ष्यांची पिल्लेही याच अळ्यांवर पोसली जातात.

बिबळ्या कडव्याची पूर्ण वाढलेली अळी कोष करण्यासाठी अनेकदा रोप सोडून चालू लागते. कुंडीच्या काठाखाली, शेजारच्या झुडपात किंवा भिंतीच्या कडेला ती स्वतःला उलटी टांगून घेते. पाने खाऊन संपली आणि अळी दिसेनाशी झाली, तरी पुढचे दोन आठवडे तिथली झाडलोट आणि छाटणी थांबवावी. पडद्यावर दिसणारा हा हिरवा कोष रोपापासून चार हातांवर, एका वाळक्या काडीला लटकलेला आहे. त्याचे कवच आता पारदर्शक होत चालले आहे आणि आत घडी घातलेले केशरी पंख दिसू लागले आहेत.