आयसिंगची वाटी मुलांकडे द्या

(हॅम्बुर्ग परिसरातील मराठी कुटुंबांच्या दिवाळी मेळाव्यातील भाषण, थोडं संपादित)

नमस्कार मंडळी. फराळाची ताटं अजून समोर आहेत आणि मी नाताळच्या कुकींवर बोलायला उभी राहिलेय. काहींना हे जरा लवकर वाटेल. पण इथल्या दुकानांत लेबकूखन, म्हणजे नाताळचे मसालेदार जर्मन केक-बिस्किटं, सप्टेंबरपासूनच येऊन बसलेत.

आधी आपल्या हॅम्बुर्गचीच गोष्ट. योहान हिनरिश विखेर्न इथे गरीब मुलांसाठी 'राउहेस हाउस' ही संस्था चालवायचे. नाताळ कधी येणार, म्हणून मुलं सारखी विचारायची. १८३९ साली त्यांनी लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, रोजच्यासाठी लहान लाल आणि रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या, आणि रोज एक पेटवायला सुरुवात केली. आज घरोघरी ऍडव्हेंटचं, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांचं, चार मेणबत्त्यांचं चक्र दिसतं, त्याचं मूळ हे. वाट बघून कंटाळलेल्या पोरांसाठी काढलेली युक्ती! त्याच चार आठवड्यांत इथे घरोघरी कुकी होतात, आणि त्यातही मुलांना खाण्याआधी काम असतं.

आपल्या फराळात मुलांना काय काम मिळतं? तळणीपाशी येऊ नकोस, चकलीचा सोऱ्या तुला दाबणार नाही, जा तिकडे खेळ. तेल तापलेलं असतं, आईचंही बरोबरच आहे. हल्ली तर पुष्कळ घरी फराळ पुण्याहून पार्सलनं येतो, मग डबा उघडणं तेवढं मुलांच्या वाट्याला येतं. कुकीचं तसं नाही. ओव्हन मोठ्यांनी सांभाळायचा, बाकी बहुतेक सगळं मुलांचं.

प्रमाण सोपं आहे: १०० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम लोणी, ३०० ग्रॅम मैदा. काही जण अंडं घालतात, नाही घातलं तरी चालतं. म्हणजे नानकटाईच्याच घराण्यातली ही. गोळा तासभर फ्रिजमध्ये ठेवा, जाडसर लाटा, साच्यानं चांदण्या कापा. १८० अंशांवर दहाएक मिनिटांत कडा बदामी होतात.

खरी मजा पुढे. पिठीसाखरेत लिंबाचा रस थेंबाथेंबानं घालायचा. घट्ट ठेवलेल्या आयसिंगनं आधी कडेची रेघ ओढायची, मग थोडं पातळ करून आतला भाग भरायचा. रेघ बांधासारखी ते अडवते. कुकी पूर्ण गार हवी, नाहीतर साखर वितळून ओघळते. रंगीत दाणे आयसिंग ओलं असतानाच टाकायचे, सुकल्यावर एकही चिकटत नाही. हे मुलांना एकदा सांगितलं की पुरतं, उलट तीच मग आपल्याला घाई करतात. शाकाहारी मंडळींनी दाण्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं जरूर वाचा. ई १२० म्हणजे कार्मिन, किड्यांपासून काढलेला लाल रंग. काही सजावटींत जिलेटिनही असतं.

आता आईबाबांना विनंती. चार वर्षांची मुलगी एकाच चांदणीवर दाण्यांची अख्खी बाटली उपडी करणार. करू द्या. तिच्या हातातला चमचा घेऊन 'अगं असं नाही, असं' म्हणत बसू नका. ज्यांना फोटोसाठी सुबक कुकी हव्यात, त्यांनी आपला वेगळा ट्रे घ्यावा, त्यात काही लाज नाही. किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, बाईंना द्यायच्या पुडीत मात्र मुलांनी रंगवलेल्याच घाला, वेड्यावाकड्या असल्या तरी.

आणि भारतातून आजी आल्या असतील तर त्यांना बसून राहू देऊ नका. आमच्या सासूबाईंना कोनातून आयसिंग सोडायला दिलं, तर त्यांनी दारात काढायच्या त्या ठिपक्यांच्या रांगोळ्या कुकीवर उतरवल्या. लेबकूखनच्या मसाल्याचा वास घेऊन म्हणाल्या, दालचिनी, लवंग, वेलची, हे तर आपलंच आहे की! नातवंडं त्यांच्याभोवती दाटीवाटीनं बसली होती.

पुढच्या दिवाळीला हेच फराळात आणूया. शंकरपाळ्यांचं कातण मुलांच्या हातात द्या, करंजीत सारण भरायला बसवा, तळणी आपल्याकडे ठेवा.

तोवर पहिल्या ऍडव्हेंटच्या रविवारी दुपारी याच सभागृहात जमूया. मैदा, लोणी, साखर आम्ही आणतो. साचे, ऍप्रन आणि झाकणाचा पत्र्याचा डबा घरून आणा. आयसिंग सुकायला वेळ लागतो, म्हणून थर लावताना मध्ये घालायला बटर पेपरही घ्या. दाराजवळच्या वहीत मुलांची नावं लिहा, आणि कुणाला शेंगदाण्याची किंवा बदामाची ऍलर्जी असेल तर नावापुढे ठळक नोंद करा.